बूट लहान झाले नव्हते

माझा मेंदूचा आजार पायांपासून सुरू झाला, असं सांगितलं की लोक हसतात. हसा बापा. आता मी मनावर घेत नाही. आधी घेत होतो, आणि तेव्हा हसणाऱ्याची खैर नसायची.

मी भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये क्रेन चालवायचो. रस्त्यावर दिसते ती नाही. शेडच्या छताखाली, दोन्ही भिंतींवरच्या रुळांवरून पुलासारखी आडवी सरकणारी. तिच्या केबिनमध्ये उंचावर बसायचं, खाली पाहायचं आणि लोखंड उचलून ठेवायचं. खाली उभा राहून हाताने खुणा करणारा माझा सिग्नलवाला म्हणजे बलीराम साहू. त्याने मूठ वळली की मी थांबायचो, पंजा हलवला की सोडायचो. आम्ही एकमेकांकडे जितकं पाहिलं असेल, तितकं आपापल्या बायकांकडे पाहिलं नसेल.

वडील भंडाऱ्याकडून इथं प्लांटमध्ये आले. मी भिलाईच्याच खुर्सीपारात वाढलो, मग प्लांटच्या सेक्टरात क्वार्टर मिळालं. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी आणि साहूसोबत छत्तीसगढी. तीनही भाषांत भांडता येतं मला. आमच्या शॉपमध्ये, म्हणजे प्लांटच्या आमच्या विभागात, पंखा बंद पडो की कँटीनची डाळ पातळ होवो, लोक म्हणायचे, मेश्रामला सांगा. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

बुटांचं आंदोलन

प्लांटमध्ये सेफ्टी बूट मिळतात. पुढच्या टोकाला आतून लोखंडी टोपी असते, वरून काही पडलं तर बोटं वाचावीत म्हणून. माझं माप आठ. लग्नात आठ, पोरगी झाली तेव्हा आठ. मग एका वर्षी मिळालेले बूट चावायला लागले. चामडं सैल होतं, लोखंड कुठून होणार? अंगठ्याचं नख काळं पडलं. मी स्टोअरमध्ये जाऊन आवाज चढवला आणि नऊ नंबर घेऊन आलो. पुढच्या वर्षी नऊही चावायला लागले.

माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली. ठेकेदार माप मारून राहिला आहे. आठ लिहितो आणि सात देतो. कामगाराच्या पायातूनही खाणारी माणसं, अशांना सोडायचं नसतं. मी शॉपभर फिरलो. शिफ्ट सुटल्यावर सगळ्यांनी विश्रांतीच्या खोलीत बूट घालूनच थांबायचं, साहेबांना बोलवायचं आणि त्यांच्यासमोर पोल खोलायची, असं ठरवलं.

माणसं थांबली. साहेबही आले बिचारे. मी लहानसं भाषण केलं आणि विचारलं, "कोणाकोणाले बूट टाईट होऊन राहिले? हात वर करा."

कोणी हात वर करेना. एकाने माझ्या भिडेखातर केला. साहेबांनी त्याचा बूट दाबून पाहिला तर आत बोटं मोकळी नाचत होती. त्याने हळूच हात खाली घेतला.

मी म्हणालो, "घाबरू नका बे!"

तेव्हा साहू उठला. साहूचा जन्माचा नऊ नंबर. आधी कधी त्याचे बूट मी घातले, तर ते माझ्या पायात होडीसारखे हलायचे. त्याने माझा पाय स्वतःच्या पायाशेजारी ठेवला, वाकून पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "जूता छोटे नइ होय हे भाई, तोर गोड़ बाढ़ गे हे."

बूट लहान झाले नाहीत भाऊ, तुझे पाय वाढले आहेत.

काय हशा पिकला म्हणता! साहेब भिंतीकडे तोंड करून हसत होते. पन्नाशीला आलेल्या माणसाचे पाय वाढले! मी बूट भिंतीवर फेकून मारला आणि मोज्यांवरच चालत बाहेर पडलो. साहूशी बोलणं बंद केलं. काम एकत्र, खुणा रोजच्याच, पण बोलणं बंद.

त्या खोलीतलं एकमेव खरं वाक्य तोच बोलला होता.

घरात

घरी माझी बायको सुनंदा आणि मुलगी प्रज्ञा. प्रज्ञा दुर्गला बीएस्सी करते, अर्धं मराठी आणि अर्धं हिंदी बोलते. माझं घोरणं एवढं वाढलं होतं की ती गादी उचलून पुढच्या खोलीत गेली. "बाबा, ये खर्राटे नहीं है, तुमची क्रेन आहे," म्हणायची. आवाजही जाड झाला होता. लग्नाची अंगठी बोटात इतकी रुतली की सोनाराकडून कापून काढावी लागली. घाम तर असा यायचा की दिवसातून दोन-तीनदा बनियन बदलावी लागायची.

यातल्या कशाचंच कोणाला नवल वाटलं नाही. उलट ओळखीचे म्हणायचे, "मेश्राम भाऊ, तब्येत झाली हां!" मी खूश. चेहरा भरला, पंजा रुंद झाला, माणूस सुखात आहे असंच वाटायचं.

दुसरी एक गोष्ट चालू होती, ती मात्र भांडणाची. जेवताना माझ्या हाताने डावीकडचा पाण्याचा गिलास सांडायचा. दाराची चौकट खांद्याला लागायची. मोरीजवळची बादली पायात यायची. प्रत्येक वेळी मी सुनंदावर ओरडायचो, "हे इथं काऊन ठेवलं?" ती म्हणायची, "अजी, इथंच राहते ते, जन्मभर." मग मी आणखी चिडायचो.

आणि विहारातली गोष्ट. पौर्णिमेला आम्ही सगळे पांढरे कपडे घालून वंदनेला जातो. आमच्या विहारात पुरुष उजवीकडे बसतात, बाया डावीकडे. मी खांबापाशी बसतो आणि सुनंदा पलीकडे, माझ्याच ओळीत, खिडकीखाली. डोळे समोर, बुद्धमूर्तीकडे. पण डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात तिची पांढरी साडी असायचीच. मी तिच्याकडे बघायचो असं नाही. ती असायची, बस. पंचशील म्हणताना तेवढं पुरायचं.

तर ती साडी कोपऱ्यातून गेली. मला वाटलं, ही मागे जाऊन बसते. माझ्यावर रुसून दूर बसते. एकदा घरी येताना मी विचारलंच, "तू आताशा मागं काऊन बसून राहिली?"

"मी तिथंच बसते," ती म्हणाली.

मला ते धडधडीत खोटं वाटलं. वाईटही वाटलं. इतक्या वर्षांच्या संसारानंतर बायको लांब बसते आणि वरून तोंडावर खोटं बोलते, असं मी मनात धरून बसलो.

चप्पल किती नंबरची

डोकं दुखायला लागलं तेव्हा मी म्हटलं, चष्मा लागला असेल. दुर्गला पद्मनाभपुरात एक डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई आहेत, त्यांच्याकडे गेलो. सुनंदा सोबत आली. भिंतीवरची अक्षरं मी शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचली आणि ऐटीत सुनंदाकडे पाहिलं. पाह्य, नजर कशी आहे!

बाईंनी स्वतःचे दोन्ही हात बाजूला पसरले आणि विचारलं, "माझ्या नाकाकडे बघा. कुठल्या हाताचं बोट हलतंय?"

मी म्हणालो, "कोणतंच नाही हलून राहिलं."

मागे सुनंदाच्या तोंडून "अगंबाई" निघालं, ते मी ऐकलं.

मग एका यंत्रापुढे बसवलं. मोठ्या पांढऱ्या वाडग्यात तोंड घालायचं, मधल्या ठिपक्याकडे बघायचं आणि आजूबाजूला कुठेही उजेड लुकलुकला की हातातलं बटन दाबायचं. मी बसलो. चार-दोनदा दाबलं. मग बराच वेळ काही लुकलुकेना. शेवटी मी आतूनच ओरडलो, "ओ मॅडम, तुमची मशीन बंद पडली!"

मशीन चालू होती.

बाई माझ्यासमोर येऊन बसल्या. माझा पंजा हातात घेऊन उलटासुलटा केला, दात दाखवायला सांगितले आणि शांतपणे विचारलं, "गेल्या काही वर्षांत तुमच्या चपलेचा, बुटांचा नंबर वाढलाय का?"

माझं डोकंच फिरलं. इथपर्यंत पोचली गोष्ट! मी उठून उभा राहिलो. "तुमाले साहूनं सांगतलं ना? दुर्गापावेतो मजाक चालू आहे माही?"

त्या गोंधळल्या. "कोण साहू?"

"अजी, चूप बसा," सुनंदा म्हणाली. आमच्या संसारात ती या आवाजात क्वचितच बोलली असेल. मी बसलो. मग तिनेच सगळं सांगितलं. बूट, अंगठी, घोरणं, घाम, गिलास, चौकट. एकामागून एक ती बोलत गेली, बाई मान हलवत गेल्या आणि मी दोघींच्या मध्ये माझे मोठे हात मांडीवर ठेवून बसलो. आपलं घर, आपली भांडणं, आपला स्वभाव, सगळं एका धाग्यात ओवलं जाताना ऐकणं फार विचित्र असतं.

एमआरआय झाला. पुढचं समजावलं ते प्लांटच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी. मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मागे, वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. अंगाची वाढ तिच्या हाती. तिच्यावर गाठ आली होती आणि ती गाठ वाढीचा रस सोडत सुटली होती. म्हणून हात, पाय, जबडा, जीभ, सगळं हळूहळू मोठं झालं. त्या ग्रंथीच्या वरूनच दोन्ही डोळ्यांच्या नसा जातात. गाठीने त्या खालून दाबल्या, त्यामुळे दोन्ही बाजूंचं दिसणं गेलं आणि समोरचं तेवढं राहिलं.

"कॅन्सर?" मी विचारलं.

"नाही. गाठ साधी आहे," डॉक्टर म्हणाले. "पण जागा साधी नाही. काढली नाही तर समोरचंही जाईल. काढल्यावर गेलेलं किती परत येईल, ते मी आज सांगू शकत नाही. वेळेवर आलात, एवढं सांगतो."

मला त्यातलं एकच ऐकू आलं. मी आंधळा होऊ शकतो.

भीती

ब्रेन ट्यूमर हे दोन शब्द घरात आले की घरच बदलून जातं. फोन सुरू झाले. एक जण फोनवर रडला, मलाच त्याची समजूत घालावी लागली. एकाने सांगितलं की त्याच्या साडूच्या ओळखीत असंच झालं होतं आणि तो महिन्यात गेला. ही माणसं वाईट नसतात. त्यांना बोलता येत नाही आणि गप्पही बसवत नाही.

मरणापेक्षा मला डोळ्यांची भीती वाटायची. जन्मभर मी नजरेची भाकर खाल्ली. उंचावरून दोन बोटांच्या फटीत लोखंड बसवणारा माणूस मी. एका दुपारी घरात कोणी नाही असं पाहून मी डोळे मिटून चालायचा सराव सुरू केला. म्हटलं, सवय केलेली बरी. कपाटावर आदळलो, कपाळाला टेंगूळ आलं. सुनंदा भाजी घेऊन आली तर मी भिंत चाचपत उभा.

"काय करून राहिले तुमी?"

मी सांगितलं. तिने पिशवी खाली ठेवली नाही, टाकलीच. "दोन वर्षं मीच वेंधळी होती तुमच्या मतानं. गिलास मीच चुकीचा ठेवत होती. मागं मीच बसत होती. म्या सहन केलं ना? आता हे नाही सहन करणार. आंधळं व्हाची प्रॅक्टिस करून राहिले माह्या घरात!" आणि ती तिथेच, विखुरलेल्या टमाटरांत बसून रडायला लागली. मीही रडलो. लग्नानंतर आम्ही दोघं एकाच वेळी रडल्याचं मला तरी आठवत नाही. प्रज्ञा कॉलेजातून आली, तिने आम्हाला बघितलं आणि टमाटर गोळा करायला लागली.

संध्याकाळी साहू आला. इतके दिवस बोलणं बंद होतं तरी आला. बाहेर चप्पल काढून दारातच उभा राहिला. माझ्या आजाराचं त्याला शॉपमध्ये कळलं होतं.

"मैं समझेंव, तैं मोर ले रिसाए हस," तो म्हणाला. मला वाटलं, तू माझ्यावर रुसला आहेस.

मी म्हणालो, रुसलोच होतो, बुटांवरून. तो म्हणाला, बुटांच्या कितीतरी आधीपासून. तो बाजूला उभा राहून खूण करायचा तेव्हा मी बघायचोच नाही. त्याला वाटलं, मेश्रामच्या मनात काही आलं आहे, मुद्दाम दुर्लक्ष करतो. त्याला वाईट वाटायचं. पण कामात रुसवा चालत नाही, म्हणून त्याने बाजूला उभं राहणंच सोडलं. तेव्हापासून तो अगदी माझ्या नाकासमोर उभा राहून, हात उंच करून खुणा करायचा आणि मी थांबल्याशिवाय तिथून हलायचा नाही.

माझ्या क्रेनखाली माणसं चालत होती बापा! त्या काळात कोणाला खरचटलंही नाही, ते माझ्या कसबामुळे असंच मी समजत होतो. मी उठून साहूला मिठी मारली. तो लाजला आणि म्हणाला, "चल छोड़, चाय पिया." सोड आता, चहा पाज.

मग एक गोष्ट मला लख्ख कळली. साहूला वाटलं, मी रुसलो. मला वाटलं, सुनंदा रुसली. मला वाटलं, ठेकेदार चोर आहे आणि मशीन बंद आहे. सगळ्यांना वाटलं, मेश्रामचा स्वभावच तसा. या गाठीची खूण हीच. ती इतर गाठींसारखी हाताला लागत नाही आणि गळवासारखी ठणकत नाही. माणसाचा स्वभाव पांघरून ती घरात राहते.

नाकातून

ऑपरेशन रायपूरला ठरलं. आम्ही सगळे धरून चाललो होतो की डोकं उघडणार. प्रज्ञाने तर विचारून ठेवलं होतं की केस किती दिवसांत येतात. तिथले सर्जन तरुण होते, बोलणं हसरं. म्हणाले, "डोकं नाही उघडायचं. नाकातून जायचं."

सुनंदा बघतच राहिली. "नाकातून? मेंदूपर्यंत?"

"रस्ता आहे," ते म्हणाले. "आणि काम झालं की भोक बुजवायला यांच्याच पोटाची थोडी चरबी घेऊ."

"घ्या ना," सुनंदा म्हणाली, "पाहिजे तेवढी घ्या." चिंतेच्या त्या सगळ्या दिवसांत आम्ही पहिल्यांदा हसलो ते तेव्हा.

वॉर्डात माझ्या शेजारच्या पलंगावर धमतरीकडचे एक गुरुजी होते. त्यांची गाठ शब्दांच्या जागेवर होती. जन्मभर पोरांना भाषा शिकवलेला माणूस, पण पाणी मागायचं तर शब्द सापडायचा नाही. हाताने पेल्याचा आकार करायचे आणि शरमून हसायचे. पलीकडे एक बाई होत्या, त्यांच्या एका कानाने ऐकणं सोडलं होतं आणि चालताना तोल जायचा. त्यांच्या घरच्यांनी वर्षभर अशक्तपणा समजून टॉनिक पाजलं होतं. दुखणं म्हटलं तर सगळ्यांचं एकच, डोक्यात गाठ. पण कोणाचे शब्द गेले, कोणाचा तोल आणि माझ्या दोन्ही बाजू. गाठ केवढी आहे त्याहून ती कुठे बसली आहे याला इथे किंमत असते, हे मी त्या वॉर्डात शिकलो. प्लांटमध्येही तसंच असतं. अंगणात पडलेला बोल्ट कोणाला त्रास देत नाही, पण तोच रोलरमध्ये गेला की मिल बंद.

सकाळी रक्त, मग बीपी, मग साखर, मग डॉक्टरांचा राऊंड. रोज तेच ते. मी आधी कुरकुरलो, मग मला ते आवडायला लागलं. ठरलेल्या वेळेला कोणीतरी येतं आणि आपलं नाव घेऊन विचारतं, याचा मोठा आधार असतो. एक केरळची सिस्टर रोज सुई टोचायच्या आधी हिंदीत "सॉरी अंकल" म्हणायची. सुईचं काय एवढं, पण तिचं सॉरी मला अजून आठवतं.

ऑपरेशनच्या सकाळी सुनंदाने माझ्या कपाळावर हात ठेवला. स्ट्रेचर चालू झालं आणि ती माझ्या बाजूने चालायला लागली, तर ती मला दिसेना. मी म्हणालो, "समोर ये." ती पुढे झाली आणि दारापर्यंत उलट्या पावलांनी, माझ्याकडे तोंड करून चालत राहिली. वॉर्डबॉय ओरडत होता, माताजी, पडाल. पडली नाही.

शुद्धीवर आलो तेव्हा नाक गच्च भरलेलं, तोंडाने श्वास आणि घशाला अशी कोरड की विचारू नका. शिंकायचं नाही, नाक शिंकरायचं नाही, वाकायचं नाही. नाकातून पाण्यासारखं काही आलं तर लगेच सांगायचं. लघवीसुद्धा मोजायची. सुनंदाने पहारा बसवला. भेटायला आलेल्या एकाच्या कपड्यांना तपकिरीचा वास आला तर त्याला तिने दारातूनच परत लावलं. "यायनं शिंक दिली ना, तर मी तुमाले सोडणार नाही," असं सांगून.

पहिली चांगली खूण डोळ्यांनी नाही, बोटांनी दिली. दोन-चार दिवसांत पंजांची सूज उतरली. सुनंदा माझा हात धरून बसली होती, तिने बोटं दाबून पाहिली आणि प्रज्ञाला म्हणाली, "हे पाह्य. हा माहा हात आहे." म्हणजे लग्नात तिने धरला होता तो.

डोळ्यांचं मात्र कोणी नक्की सांगेना. सर्जननी बोटं हलवून पाहिली. मला वाटे की हललं, पण मग वाटे की मीच मनाचं हलवून राहिलो आहे. ते म्हणाले, "नसा दबून बसल्या होत्या. त्यांना उठायला वेळ द्या." निघालो तेव्हा गुरुजींचं ऑपरेशन होऊन त्यांच्या डोक्याला पट्टी होती. त्यांनी हात वर केला, शब्द शोधला, डोळे मिटून पुन्हा शोधला आणि म्हणाले, "फेर... फेर झन आबे."

पुन्हा येऊ नकोस. अख्खा वॉर्ड हसला. त्यांची बायको मात्र तोंडाला पदर लावून रडत होती, कारण ते पूर्ण वाक्य होतं.

आता

हे मी लिहितो ते शहाणपण शिकवायला नाही. माझ्यासारखं कोणी कुठे तरी आज बुटांवरून भांडत असेल, त्याच्यासाठी. अंगठी काढावी लागली, बांगडी चढेना, चप्पल बदलावी लागली आणि वय तर वाढीचं नाही, तर हसू नका आणि चिडूही नका, दाखवून घ्या. शेवटची ओळ वाचता येते म्हणजे नजर चांगली असं धरून चालू नका. आणि घरातलं माणूस अचानक धडकायला, सांडायला, भांडायला लागलं, तर एकदा स्वभावाच्या मागेही डोकावून बघा.

हाडं वाढली ती वाढलीच. पाय काही आठ नंबरवर परत आले नाहीत. मी स्टोअरमध्ये जाऊन खाली मान घालून दहा नंबर मागितला. स्टोअरबाबूने बूट दिले आणि म्हणाला, "क्या बात है मेश्राम, आज झगड़ा नहीं?" मी म्हणालो, उद्या येतो.

क्रेनवर मला परत बसवलं नाही. बरोबरच केलं. तरी पहिल्या दिवशी मी खालून त्या केबिनकडेच बघत राहिलो. आता मी खाली असतो. वर नवा ऑपरेटर आहे आणि त्याला खुणा कशा द्यायच्या ते साहू मला शिकवतो. माझा हात थोडा खाली आला की ओरडतो. इतक्या वर्षांचं उट्टं काढून राहिला आहे. तपासण्या चालू आहेत, इंजेक्शनही आहे. त्याची सवय झाली.

एक राहिलं.

घरी आल्यावर पहिली पौर्णिमा आली, तेव्हा सुनंदाने माझा पांढरा सदरा इस्त्री करून ठेवला. विहाराच्या दारात मी बूट काढले. सगळ्यांच्या चपलांत सर्वांत मोठे माझेच. आत गेलो, खांबापाशी बसलो. हात जोडले आणि डोळे समोर ठेवले.

वंदना सुरू झाली. पंचशील म्हणताना डावीकडे काहीतरी पांढरं आलं. मला वाटलं, खिडकीचा उजेड असेल. स्पष्ट नव्हतं, धुक्यात धुतलेलं कापड वाळत घालावं तसं. मी मान वळवली नाही. वळवली आणि नसलं तर? मी मूर्तीकडेच बघत राहिलो. मग त्या पांढऱ्याने डोक्यावरचा पदर सावरला.

सगळं विहार पुढचं शील म्हणत होतं आणि मी नुसते हात जोडून रडत होतो. ओठ हलेनात. शेजारच्याने मांडीवर थाप दिली, त्याला वाटलं, आजारातून उठलेला माणूस आहे, भरून आलं असेल. आलंच होतं.

बाहेर आल्यावर सुनंदाने मला गाठलं. चेहरा घाबरलेला. "मधातच चूप काऊन झाले? डोकं दुखून राहिलं का?"

मी बूट घालत होतो. वर न बघता म्हणालो, "तू तिथंच बसते."

क्षणभराने तिला कळलं. तिने माझं तोंड दोन्ही हातांनी धरून वर केलं, सगळ्या लोकांसमोर, आणि म्हणाली, "मंग दोन वर्षांपासून मी काय सांगून राहिली?"